पिंजऱ्याने दिलेला शब्द

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेला जुन्नर वनविभाग आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके त्यात येतात. पश्चिमेला सह्याद्रीचा कडा, पूर्वेला पर्जन्यछायेचं पठार आणि मध्ये कुकडी प्रकल्पाची धरणं: माणिकडोह, येडगाव, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. या धरणांचं पाणी कालव्यांनी पूर्वेकडे आलं आणि जिथे बाजरी, मटकी, हुलगा व्हायचा तिथे ऊस उभा राहिला. बारा ते अठरा महिने जागचा न हलणारा, माणसाच्या डोक्यावर जाणारा ऊस. आत गारवा, शेजारी पाटाचं पाणी, बांधापलीकडे वस्ती आणि वस्तीवर कुत्री, कोंबड्या, शेळ्या, वासरं. बिबट्याच्या मादीला पिल्लं वाढवायला आणखी काय लागतं? या पट्ट्यात आता असे बिबटे आहेत जे उसातच जन्मले, उसातच वाढले आणि ज्यांनी जंगल कधी पाहिलेलंच नाही.

तरीही बातमीत, ग्रामसभेत आणि बऱ्याचदा सरकारी पत्रातही वाक्य एकच असतं: बिबट्या जंगलातून गावात शिरला. हे वाक्य एकदा मान्य केलं की उपायही ठरूनच जातो. शिरलेल्याला बाहेर काढायचं, त्याच्या जागी नेऊन सोडायचं. जुन्नरमध्ये २००१ ते २००३ या काळात नेमकं तेच झालं, आणि त्याचे परिणाम आजही निस्तरावे लागत आहेत.

चारवरून सतरा

१९९३ ते २००१ या काळात या वनविभागात बिबट्याने माणसावर हल्ला करण्याच्या घटना वर्षाला सरासरी चार होत्या. जनावरं मात्र जात होती. शेळी गेली, कालवड गेली, अंगणातून कुत्रं उचललं, अशा तक्रारींचा रेटा वाढला तेव्हा वनखात्याने मोठ्या प्रमाणावर पिंजरे लावायला सुरुवात केली. पकडलेले बिबटे आसपासच्या जंगलांत नेऊन सोडले. २९ बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटर दूर हलवले गेले. त्यानंतर हल्ल्यांची सरासरी वर्षाला सतरावर गेली. त्याहून वाईट म्हणजे हल्ल्यांमधल्या जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोचलं. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातले हे आकडे आहेत.

असं का व्हावं, याबद्दल संशोधकांचा तर्क समजायला अवघड नाही. बिबट्या आपल्या हद्दीत राहणारा, एकट्याने वावरणारा प्राणी आहे. कोणत्या वस्तीवर कुत्री किती, माणसं कधी झोपतात, पाट कुठून ओलांडायचा, हे सगळं त्याला पाठ असतं, आणि माणसाला टाळून जगण्याचं त्याचं कसब याच माहितीवर उभं असतं. त्याला पिंजऱ्यात पकडलं, माणसांच्या गराड्यात दोन-चार दिवस ठेवलं आणि अनोळखी मुलखात सोडलं, की ती माहिती शून्यावर येते. सोडलेल्या जागी आधीच दुसरा बिबट्या असतो. हा तिथून हुसकला जातो, घराच्या ओढीने परत निघतो आणि वाटेत अनोळखी गावांतून जातो. इकडे रिकाम्या झालेल्या उसाच्या पट्ट्यात काही आठवड्यांत दुसरा, बहुतेकदा वयाने लहान आणि हद्दीच्या शोधात फिरणारा बिबट्या येऊन बसतो. म्हणजे गावात बिबट्या आहे तो आहेच, फक्त ओळखीचा गेला आणि नवखा आला.

शास्त्र इथपर्यंत. प्रकरण अभ्यासायला घ्यावं असं वाटतं ते याच्या पुढच्या भागासाठी.

पिंजरा काय सांगतो

गावात पिंजरा येतो तेव्हा तो एक निरोप घेऊन येतो. बिबट्या इथून काढता येतो, तो काढणं हे सरकारचं काम आहे, आणि आजवर काढला नाही तो हलगर्जीपणामुळे. वनरक्षकाने पुढे कितीही पत्रकं वाटली, शाळेत कितीही भाषणं दिली, तरी त्याच्याच खात्याचा लोखंडी पिंजरा त्याच्या बोलण्याच्या विरुद्ध साक्ष देत गावाच्या वेशीवर उभा असतो.

आणि तरी पिंजरा लागतोच, कारण त्यातून प्रत्येकाला काहीतरी मिळतं. सरपंचाला गावासमोर दाखवायला काम मिळतं. आमदाराला फोन केल्याचं श्रेय मिळतं. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला संतापलेल्या जमावापासून एक रात्र सुटका मिळते. वार्ताहराला ‘दहशत माजवणारा बिबट्या अखेर जेरबंद’ ही चार ओळींची बातमी फोटोसकट मिळते. ज्याची शेळी गेली त्याला निदान कोणी तरी दखल घेतल्याचं समाधान मिळतं. यात कोणी खलनायक नाही. प्रत्येकाचा स्वार्थ समजण्यासारखा, बराचसा रास्तही आहे. फक्त या सगळ्यांची बेरीज केली की उत्तर दर वेळी पिंजरा येतं.

बिबट्या वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२च्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. माणसाच्या जिवाला धोका असेल आणि पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नसेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. पकडायलाही त्यांची परवानगी लागते. म्हणजे निर्णय घेणारा अधिकारी नागपुरात आणि शिव्या खाणारा वनपाल गावात. कायदा का आहे हे गावाला कोणी सांगत नाही. कायदा आड येतो एवढंच कानावर पडतं. त्यावर शहरातल्या प्राणिप्रेमींनी फोनवर ‘माणसानेच त्यांच्या जागेवर अतिक्रमण केलं’ असं लिहिलं की आगीत तेल. ज्याच्या आजोबांनी तीच जमीन नांगरली आणि जिथे तेव्हा ऊसही नव्हता आणि बिबट्याही क्वचितच दिसायचा, त्याला हे वाक्य किती लागत असेल याचा विचार करून पाहावा. तपशिलातही ते इथे खोटं आहे. या पट्ट्यात माणूस बिबट्याच्या जागेत गेला नाही. पाणी आलं, ऊस आला आणि बिबट्या माणसाच्या शेतात आला.

२००१ ते २००३ या पकडून सोडण्याच्या काळाचा सगळ्यात खोल गेलेला परिणाम मात्र एक अफवा आहे. जुन्नर, पारनेर, संगमनेर, सिन्नर, कुठेही जा, पारावर कोणी तरी ठामपणे सांगतो की हे बिबटे वनखात्यानेच आणून सोडले. रात्री गाडी आली, मागचं दार उघडलं आणि बिबटे सोडून गेली. अधिकारी हे ऐकून हसतात किंवा चिडतात. पण हसण्यासारखं त्यात फारसं नाही. खात्याने खरंच बिबटे गाडीतून नेऊन दुसरीकडे सोडले होते आणि जिथे सोडले तिथल्या गावांना विचारलं नव्हतं. एका काळापुरती ती अफवा खरी होती. खात्याने ते कधी उघडपणे मांडलं नाही, ‘तो उपाय फसला, म्हणून आता आम्ही तो करत नाही’ असं गावात येऊन सांगितलं नाही. त्यामुळे ती खरी गोष्ट अफवा म्हणून जगत राहिली आणि पुढच्या प्रत्येक खऱ्या खुलाशावर मात करत राहिली.

अकोल्याचा ऊस

जुन्नरला लागूनच उत्तरेला अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचा अकोले तालुका. तिथल्या बागायती खोऱ्यात अत्रेय यांच्या गटाने कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावले. भोवती ऊस, टोमॅटो, घरं, रस्ते. राखीव जंगल नाही. माणसांची घनता चौरस किलोमीटरला साडेतीनशेच्या वर. तिथे शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले, आणि साधारण तेवढेच तरस. या खोऱ्यात माणसांवर हल्ल्यांचा तसा इतिहास नव्हता. विष्ठेच्या तपासणीत कळलं की बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशोबाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता आणि त्यात सगळ्यात मोठा कुत्र्यांचा, ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी आहारात त्यांचा वाटा ११ टक्केच. कारण उघड आहे. शेळी रात्री गोठ्यात असते, कुत्रं उकिरड्यावर.

संवादाच्या दृष्टीने हे आकडे सोन्यासारखे आहेत, कारण त्यातून गावाला करता येण्याजोगं काम निघतं. गोठ्याला दार लावा, मोकाट कुत्री आणि उघडा कचरा कमी करा, हे सल्ले आभाळातून पडलेले नाहीत, शेजारच्या तालुक्यातल्या उसातून आलेले आहेत. शिवाय अकोले-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी समाज दिवाळीच्या तोंडावर वाघबारस साजरी करतो, वाघोबाला नैवेद्य दाखवतो. ठाणे, पालघर आणि मुंबई उपनगर या भागांत वाघोबाची दीडशेहून जास्त ठाणी एका अभ्यासात नोंदली गेली आहेत. वारली पाड्यांवर हा देव बिबट्याचा आणि वाघाचा एकच. मोठ्या मांजरासोबत राहण्याचे करार इथे आधीपासून आहेत. मात्र एक सावधगिरी हवी. काही संवर्धनवाले ही श्रद्धा इतक्या उत्साहाने उचलतात की जणू वाघोबाला नारळ फोडणारा माणूस लेकरू गमावल्यावरही शांत बसेल. तसं नसतं. करारात देवाचीही बाजू असते, आणि देवाने ती मोडली की भक्त भांडतो.

बोरिवलीची गोष्ट

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटरचं. तीन बाजूंनी मुंबई आणि ठाणे चिकटलेले. २००२ ते २००४ या काळात उद्यानाच्या कडेने बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसं गेली. २००४चा जून सर्वांत वाईट होता. मरणारे बहुतेक कडेच्या झोपडपट्ट्यांतले आणि पाड्यांतले होते, त्यात मुलं बरीच. उघड्यावर शौचाला गेलेली, अंधारात खेळणारी. बाहेर पकडलेले बिबटे या काळात उद्यानात सोडले जात होते. म्हणजे जुन्नरचाच प्रयोग, दाट शहराच्या अंगणात. उपाय म्हणून आणखी पिंजरे लागले, आणि बिबट्यांना आतच खायला मिळावं म्हणून उद्यानात डुकरं आणि ससे सोडण्याचाही प्रयोग झाला.

भांडणही गुंतागुंतीचं होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या १९९७च्या आदेशानुसार उद्यानातली अतिक्रमणं हटवणं चालू होतं, त्यामुळे झोपडीवासीयाच्या मनात वनखातं म्हणजे घर पाडणारं खातं. पाड्यांवरचे आदिवासी उद्यानाच्या आधीपासूनचे, पण त्यांनाही त्याच मापाने मोजलं जाई. उंच इमारतींत राहणाऱ्यांना जंगलाचा देखावा हवा होता आणि गच्चीवरून बिबट्या दिसला की पिंजराही. अशा वेळी ‘बिबट्या वाचवा’ हे वाक्य कोणाच्या तोंडी आहे यावर त्याचा अर्थ बदलतो.

मग २००९ मध्ये एक बिबट्या चालत आला. पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ तो विहिरीत पडला होता. त्याला बाहेर काढून, गळ्यात उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं. वय झालेला वाटला म्हणून संशोधकांनी त्याला आजोबा म्हणायला सुरुवात केली. पुढच्या काही आठवड्यांत आजोबा सुमारे १२० किलोमीटर चालला. महामार्ग, रेल्वेचे रूळ, खाडी असं सगळं ओलांडत तो थेट मुंबईच्या कडेला, उद्यानाच्या नागला भागात येऊन पोचला. वाटेत शेकडो वस्त्या लागल्या असणार. त्याने एकाही माणसाला इजा केल्याची नोंद नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला.

आजोबाने जे केलं ते कुठल्याही पत्रकाने झालं नसतं. बिबट्या उचलून नेला की तो नेलेल्या जागी राहत नाही, ही गोष्ट नकाशावर एका रेषेत दिसली. आणि आपण झोपलेले असताना बिबटे आपल्या घरांशेजारून निमूट जात असतात, हीसुद्धा. माध्यमांनी ही गोष्ट आवडीने छापली, कारण तिला नाव होतं आणि प्रवास होता. एका प्राण्याला नाव देऊन लोकांची मनं वळवणं धोक्याचंही असतं. उद्या दुसऱ्या नाव दिलेल्या बिबट्याने मूल उचललं तर काय? पण इथे नावाने आकड्यांपेक्षा जास्त काम केलं हे मान्य करायला हवं.

२०११ मध्ये उद्यानाचे तेव्हाचे संचालक सुनील लिमये यांच्या पुढाकाराने आणि अत्रेय यांच्या साथीने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान) हा उपक्रम सुरू झाला. त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने माणूस-बिबट्या संघर्षासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: नुसता दिसला म्हणून बिबट्या पकडू नका, आणि पकडावाच लागला तर दूर नेऊन सोडू नका. कागदावर खातं आता बरोबर बोलत होतं. ते लोकांपर्यंत कसं न्यायचं हा प्रश्न उरला.

मुंबईच्या उपक्रमातली मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली गोष्ट म्हणजे त्यांनी ‘जनता’ नावाच्या एका गोळ्याशी बोलणं टाळलं. पत्रकारांशी वेगळं बोलले: त्यांच्यासाठी कार्यशाळा घेतल्या, माहिती लपवण्याऐवजी लगेच द्यायला सुरुवात केली आणि बातमी हवी असेल तेव्हा कोणाला फोन करायचा ते सांगितलं. पोलिसांशी वेगळं बोलले, कारण इमारतीत बिबट्या अडकतो तेव्हा पहिला धोका गर्दीचा असतो. हजार माणसं मोबाइल घेऊन उभी राहिली की घाबरलेला प्राणी कोणाच्या तरी अंगावर जाणारच. गर्दी आवरणं हे वनरक्षकाच्या आवाक्यातलं काम नाही, ते पोलिसांचं. महापालिकेशी बोलणं कचऱ्याचं आणि दिव्यांचं. गृहनिर्माण सोसायट्यांशी बोलणं भिंतीबाहेर फेकल्या जाणाऱ्या अन्नाचं आणि कुत्र्यांचं. पाड्यांवर मुलांनी अंधारात एकटं न जाण्याचं. प्रत्येकाला त्याच्या हातात असलेलंच काम सांगितलं, आणि ‘बिबट्या आम्ही घेऊन जाऊ’ हे आश्वासन कोणालाही दिलं नाही.

बिबटे कमी झाले नाहीत. २०१५च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे ओळखले गेले, २०२४च्या गणनेत ५४. तरी २००२-०४ सारखी परिस्थिती पुन्हा आली नाही. हल्ले शून्यावर गेले असंही नाही. उद्यानाला लागून असलेल्या आरे वसाहतीत २०१७ मध्ये एक लहान मूल गेलं, २०२१ मध्ये हल्ल्यांची एक मालिकाच झाली आणि २०२२च्या दिवाळीत पुन्हा एक बाळ गेलं. प्रत्येक वेळी पिंजरे लागले. फरक असा की प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची नोंद आता हाताशी होती, त्यामुळे हल्ला करणारा बिबट्या कोणता याचा शोध घेता येत होता, आणि ‘सगळे बिबटे हलवा’ ही मागणी शहरभर पसरली नाही.

जुन्नरला मुंबई का होत नाही

मुंबईचा हा अनुभव जुन्नरला जशाचा तसा लागू करायचा मोह होतो. तो टाळावा. मुंबईत जंगलाला कड आहे, बिबट्या एका बाजूला आणि बरीचशी माणसं दुसऱ्या बाजूला. जुन्नरला कड नाहीच. बिबट्या ज्या उसात झोपतो तोच ऊस शेतकऱ्याचं वर्षाचं उत्पन्न आहे.

मुख्य अडचण विजेची. शेतीपंपांना वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळत आली आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकऱ्याला अंधारात, टॉर्च घेऊन, पाटाकडेने वाकून बारे द्यावे लागतात. बिबट्याला वाकलेला किंवा बसलेला माणूस चार पायांच्या जनावरासारखा दिसतो असं जाणकार सांगतात. आता वनखात्याचं पत्रक वाचा: रात्री एकट्याने शेतात जाऊ नका. सल्ला बिनचूक आहे. पण एका सरकारी खात्याने रात्री जाऊ नका म्हणायचं आणि दुसऱ्याने वीज रात्रीच द्यायची, यात शेतकऱ्याला ऐकू येतं ते एवढंच की सरकारला काही पडलेलं नाही. दिवसा थ्री फेज वीज ही मागणी इथे बिबट्याच्या प्रश्नावरची मागणी आहे, ऊर्जा खात्याची नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये. माझ्या मते उसाच्या पट्ट्यातल्या सौर वाहिन्यांचं वेळापत्रक बिबट्याच्या हल्ल्यांच्या नकाशावर ठेवून ठरवलं असतं तर वनखात्याच्या दहा जनजागृती मोहिमांपेक्षा जास्त जीव वाचले असते आणि खात्याच्या बोलण्याला वजनही आलं असतं.

दुसरी अडचण, ज्यांच्याशी कोणीच बोलत नाही त्यांची. गळीत हंगामात मराठवाड्यातून आणि नगरच्या दुष्काळी भागातून ऊसतोड कामगार येतात, फडाच्या कडेला कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालतात. कोपीला दार नसतं, आई-बाप पहाटे फडात, मूल बाहेर. धनगर मेंढपाळ मोकळ्या रानात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढ्या बसवतात आणि स्वतः शेजारी उघड्यावर झोपतात. ही माणसं गावच्या ग्रामसभेत नसतात, गावाच्या व्हॉट्सॲप गटात नसतात, मतदार यादीतही इथे नसतात. संदेश जिथे सर्वांत गरजेचा तिथेच तो पोचत नाही. कारखान्याने तोडणी टोळ्यांना दाराच्या, दिवा असलेल्या निवाऱ्याची सोय करणं हे खरं तर संवर्धनाचं काम आहे, पण ते ना कारखान्याच्या ताळेबंदात बसतं ना वनखात्याच्या.

एक गोष्ट मात्र जुन्नरने मुंबईपेक्षा छान केली. ऊसतोडीत बिबट्याची पिल्लं सापडतात तेव्हा पूर्वी लोक ती उचलून चौकीवर आणत, मग मादी चवताळून रात्रभर वस्तीभोवती फिरे. आता वनकर्मचारी आणि माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्रातली पशुवैद्यकीय मंडळी पिल्लांची तपासणी करून संध्याकाळी ती त्याच फडात खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात आणि माणसं मागे हटतात. बहुतेकदा रात्रीत मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. शेतकरी तेवढ्यापुरती तोड थांबवतो. एक-दोन दिवसांचं त्याचं नुकसान होतं, तरी थांबतो, कारण चवताळलेल्या मादीपेक्षा ते परवडतं हे त्याने पाहिलेलं आहे. हा संवाद भाषणातून झालेला नाही.

भरपाईचंही तसंच. माणूस गेल्यास आता २५ लाख, गाय-म्हैस गेल्यास बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७० हजार यांपैकी कमी असेल ते. रक्कम वाईट नाही. पण शेतकऱ्याच्या लक्षात रक्कम राहत नाही, पंचनाम्याला वनरक्षक त्याच दिवशी आला की तिसऱ्या दिवशी, हे राहतं.

२०२५

२०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात थोड्या दिवसांच्या अंतराने माणसं गेली, त्यात मुलं होती. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, पुणे-नाशिक महामार्ग अडवला. नेमबाज बोलावून बिबट्याला गोळी घालण्यात आली. गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाणाऱ्या लोकांची छायाचित्रं देशभर फिरली. मोठ्या संख्येने बिबटे पकडून राज्याबाहेर पाठवण्याच्या घोषणा झाल्या, बिबट्याला पहिल्या अनुसूचीतून काढावं अशी मागणी झाली. बिबट्यांना खायला म्हणून जंगलात शेळ्या सोडण्याची कल्पनाही वनमंत्र्यांकडून आली. वीस वर्षांपूर्वी बोरिवलीत सोडलेल्या डुकरांची आणि सशांची आठवण कोणाला झाली की नाही कोण जाणे.

माणूस मारणारा ठरावीक बिबट्या काढलाच पाहिजे, त्यात वाद नाही. त्यावर नीतिधडे देणाऱ्यांनी आधी त्या वस्तीवर जाऊन यावं. पण सरसकट पकडून हलवायचं म्हटलं की गणित फिरून तिथेच येतं. माणिकडोहचे पिंजरे वर्षानुवर्षं भरलेले आहेत. राज्यात बिबटे किती, याचं अधिकृत उत्तर २०२२च्या अंदाजानुसार १,९८५ आहे, आणि तो अंदाज मुख्यतः वनक्षेत्रांचा, उसातल्या बिबट्यांना धरून केलेला नाही. म्हणजे ज्या बिबट्यांवरून भांडण आहे ते मोजणीतच नाहीत. किती काढले म्हणजे पुरे, हे सांगायला कोणाकडेही आधार नाही, आणि तरी आकडे जाहीर सभांतून दिले जात आहेत. प्रत्येक आकडा म्हणजे गावाला दिलेला नवा शब्द.

याच काळात प्रायोगिक पातळीवर जुन्नरमधल्या मोजक्या माद्यांची नसबंदी करायला केंद्राने परवानगी दिली. प्रयोग म्हणून ते करून बघण्यासारखं आहे. पण नसबंदी झालेल्या मादीला बंदिस्त ठेवायचं नसेल तर तिला तिच्याच हद्दीत परत सोडावं लागेल. तिथेच ती राहील, शिकार करील, कुत्री उचलील, दुसऱ्या बिबट्याला जवळ येऊ देणार नाही. संख्येवर परिणाम दिसायला काही वर्षं जावी लागतील. हे सगळं शस्त्रक्रियेच्या आधी, त्याच वस्तीवर, पंचायतीच्या सहीने सांगितलेलं असलं पाहिजे. नाही तर पिंजऱ्यातून गेलेली मादी शेतकऱ्याला महिन्याभराने पुन्हा आपल्याच बांधावर दिसेल, आणि तो पारावर जाऊन सांगेल की वनखात्याने रात्री गाडीतून बिबट्या आणून सोडला. या वेळी तो खरं बोलत असेल.